एक ग्रुप म्हणतो ये, दुसरा म्हणतो थांब

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात आयटी बघणाऱ्या २८ वर्षांच्या वाचकाचं हे पत्र आहे, नाव-गाव गाळलंय. कॉम्प्युटर वापरणारे साधारण १८० जण, आयटीत हा आणि एक ट्रेनी. विंडोज सर्व्हर, ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतले युजर आणि ग्रुप सांभाळणारी विंडोजची यादी), शेअर्ड फोल्डर, अकाउंट्सला टॅली, काही ड्रॉइंग्ज गूगल ड्राइव्हवर. आधीच्या लोकांनी १४० च्या वर ग्रुप, म्हणजे एकत्र परवानगी द्यायच्या युजरच्या याद्या, करून ठेवलेत, कोणता कशासाठी ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी परचेसमधल्या एका मॅडमची अकाउंट्सला बदली झाली. त्यांना अकाउंट्सच्या ग्रुपमध्ये टाकलं तरी पेमेंटचा फोल्डर उघडेना, ॲक्सेस डिनाइड. महिनाअखेर, व्हेंडरचे फोन, मॅनेजर डोक्याशी उभे. शेवटी याने त्यांना डोमेन ॲडमिन्समध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरवर पूर्ण अधिकार असलेल्या ग्रुपमध्ये टाकलं, पेमेंट फोल्डरवर एव्हरीवनला, म्हणजे सगळ्यांनाच, फुल कंट्रोल दिला आणि डेस्कटॉपवर थेट शॉर्टकट करून दिला, कारण वरच्या अकाउंट्स फोल्डरमधून तरीही जाता येत नव्हतं. काम झालं. नंतर ऑडिटरने लिहिलं की एकच व्यक्ती नवीन व्हेंडर पण उघडू शकते आणि त्याचं पेमेंट पण टाकू शकते, टॅलीत त्या मॅडमची परचेसची जुनी आणि अकाउंट्सची नवीन अशी दोन्ही लॉगिन चालू आहेत. डायरेक्टरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "ही परवानगी दिली कोणी?" याचे प्रश्न असे: "ताई, दिवाळीच्या सुट्टीत सगळे ग्रुप उडवून नव्याने करू का? की ग्रुपचा नादच सोडून एकेकाला नावाने परवानगी देऊ? आणि मॅनेजर म्हणतात आम्हाला सगळं दिसलंच पाहिजे, त्यांना काय सांगू? रात्री झोप लागत नाही, सगळी माझीच चूक आहे."

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला माझी पहिली नोकरी आठवली, ते पुढे सांगते. दुसऱ्यांदा वाचताना ते शेवटचं वाक्य खटकलं. सगळी तुझी चूक नाहीये. तुझी जेवढी आहे तेवढी आज-उद्यात निस्तरता येते, त्यासाठी दिवाळी कशाला हवी, बाकीची जी आहे ती कंपनीने कधी न घेतलेल्या निर्णयाची आहे आणि ती तू एकट्याने सर्व्हरसमोर बसलास म्हणून मिटणार नाही.

आधी तुझ्या वाट्याचं बघू. त्या मॅडमना डोमेन ॲडमिन्समधून आज काढ. तुला भीती वाटत असेल की काढलं की फोल्डर परत बंद पडेल आणि मॅनेजर परत येतील. नाही पडणार, कारण फोल्डर त्यामुळे उघडलेलाच नाहीये. तू लिहिलंयस त्यावरून मला चित्र असं दिसतं: वरच्या अकाउंट्स फोल्डरवर कोणीतरी पूर्वी परचेस ग्रुपला डिनाय, म्हणजे स्पष्ट मनाई, लावून ठेवलाय, आणि तो खाली पेमेंटपर्यंत वारशाने उतरलाय. मॅडम अकाउंट्समध्ये आल्या पण परचेसमधून त्यांना कोणी काढलंच नाही, मग एक ग्रुप ये म्हणतोय, दुसरा थांब म्हणतोय. आता आपल्यातले बरेच जण "डिनाय नेहमी जिंकतो" एवढंच पाठ करून ठेवतात, ते अर्धंच खरं आहे. विंडोज आधी त्याच फोल्डरवर थेट लावलेला डिनाय बघतं, मग थेट लावलेला अलाऊ (परवानगी), मग वरून आलेला डिनाय आणि मग वरून आलेला अलाऊ. अकाउंट्सच्या ग्रुपचा अलाऊ पण वरूनच येत होता, म्हणून वरून आलेल्या डिनायपुढे तो हरला. तू पेमेंटवर एव्हरीवनला थेट फुल कंट्रोल दिलास, तो थेट अलाऊ वरून आलेल्या डिनायला भारी पडला, आत शिरता आलं. आतल्या फायलींना दोन्ही वरूनच येतात, पण तिथे जवळच्या फोल्डरचं आधी बघितलं जातं, म्हणून त्याही उघडल्या. आणि अकाउंट्स फोल्डरवर डिनाय थेट बसलाय, म्हणून तिथून जाता येईना आणि तुला शॉर्टकट करावा लागला. एवढ्या सगळ्यात डोमेन ॲडमिन्सचा काही हात नाही, तिथे फक्त अख्ख्या कंपनीच्या सर्व्हरची किल्ली एका अकाउंटला गेली.

काढताना अजून एक बघ, हे फार लोकांना माहीत नसतं आणि मग महिन्याभराने डोकं खाजवत बसतात. डोमेन ॲडमिन्ससारख्या ग्रुपमध्ये कोणी गेलं की विंडोज दर ६० मिनिटांनी एक फेरी मारतं आणि त्या युजरच्या अकाउंटवरचं इनहेरिटन्स (वरून वारशाने परवानग्या येणं) बंद करून त्याला स्वतःचं कडक कुलूप लावतं, ॲडमिनकाउंट नावाच्या खान्यात १ लिहितं. ग्रुपमधून काढलंस तरी ते कुलूप आपोआप निघत नाही. उद्या तुझा ट्रेनी त्याला दिलेल्या अधिकारात त्या मॅडमचा पासवर्ड रीसेट करायला गेला तर त्याला नाही म्हणेल आणि कारण सापडणार नाही. म्हणून तो खाना रिकामा कर आणि त्यांच्या अकाउंटच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन इनहेरिटन्स परत चालू कर.

एव्हरीवनचं मात्र असं लगेच काढू नकोस, त्याला क्रम आहे. आधी त्यांना परचेसच्या ग्रुपमधून काढ, त्यांना कॉम्प्युटरमधून लॉगऑफ करून परत लॉगिन करायला सांग, नुसता स्क्रीन लॉक-अनलॉक नको, कारण कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे याची यादी लॉगिनच्या वेळी बनते आणि दिवसभर तीच फिरते. किती वेळा असं झालंय की ॲडमिनने बरोबर दुरुस्ती केली, युजर म्हणाला अजून होत नाही, ॲडमिनला वाटलं दुरुस्ती चुकली, म्हणून त्याने अजून एक परवानगी वर चढवली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही लागू झाल्या. मला वाटतं निम्म्या सर्व्हरवरचा गुंता या एका घाईतून तयार होतो. लॉगिननंतर अकाउंट्स फोल्डर सरळ मार्गाने उघडतोय हे त्यांच्या शेजारी उभं राहून बघ आणि मगच एव्हरीवन काढ.

आता माझ्या पहिल्या नोकरीचं. पगाराचा फोल्डर बाकीच्यांना दिसू नये म्हणून मला सांगितलं गेलं, मी सरळ सगळ्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपला डिनाय लावला आणि एचआरच्या ग्रुपला अलाऊ दिला. माझ्या डोक्यात एचआर वेगळे आणि कर्मचारी वेगळे. पण एचआरवाले पण कर्मचारीच ना, ते त्या मोठ्या ग्रुपमध्ये होतेच. पगाराच्या आदल्या दिवशी एचआरच्या चौघींपैकी एकीलाही फोल्डर उघडेना. त्या रात्री साडेदहापर्यंत बसलो, पगार वेळेवर गेले, पण लोकांच्या घरच्या हप्त्यांचा प्रश्न माझ्या एका टिकमार्कमुळे लटकला होता हे मी अजून विसरले नाहीये. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे: ज्याला अलाऊ मिळालेलाच नाही त्याला डिनाय द्यायची गरज पडत नाही. विंडोजमध्ये ज्याचं नाव यादीत नाही त्याला तसंही आत सोडत नाहीत. म्हणजे कुठे डिनाय दिसला की समज, तिथे वरून कुठून तरी नको असलेला अलाऊ येतोय आणि तो शोधण्याऐवजी कोणीतरी वर डिनायचं ठिगळ लावलंय. तुझ्याकडे पण माझा अंदाज हाच, की नेटवर्कवर शेअर केलेल्या सगळ्यात वरच्या फोल्डरला डोमेन युजर्स (कंपनीतले सगळे युजर) किंवा तसाच काही मोठा ग्रुप घातलेला असणार, तो खाली अकाउंट्सपर्यंत पोचला, परचेसला आत दिसायला लागलं, कोणीतरी तक्रार केली आणि त्या दिवशी डिनाय बसला. तो मोठा ग्रुप अकाउंट्सच्या दारात थांबव, तिथे इनहेरिटन्स तोड आणि फक्त हवे ते ग्रुप ठेव, डिनाय आपोआप बिनकामाचा होतो. तोडताना विंडोज विचारतं की वरून आलेल्या परवानग्या इथे कॉपी करून ठेवू का सगळ्या काढू, तेव्हा कॉपी निवड आणि नको त्या एकेक करून काढ, नाहीतर तू आणि बॅकअप दोघेही बाहेर राहू शकता.

आता तुझा पहिला प्रश्न, दिवाळीत सगळे ग्रुप उडवून नव्याने करायचे का. माझं स्पष्ट मत, नको. त्यात तू धरून चाललायस की ग्रुपचं नाव म्हणजे ग्रुप. तसं नसतं. प्रत्येक ग्रुपला आतून एक नंबर असतो, एसआयडी, आणि फोल्डरवर परवानगी त्या नंबराला दिलेली असते. तू परचेस नावाचा ग्रुप डिलीट करून परत परचेस याच नावाचा केलास तर तो सर्व्हरच्या लेखी दुसराच ग्रुप, नवीन नंबराचा, जुनी परवानगी त्याला मिळत नाही, आणि फोल्डरवर नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं रीसायकल बिन आधी चालू करून ठेवलेलं असेल तरच तो ग्रुप सहज परत आणता येतो, ते आहे का चालू, आजच बघून ठेव. शिवाय १४० पैकी कुठला ग्रुप कुठल्या प्रिंटरला, कुठल्या जुन्या सॉफ्टवेअरला, कुठल्या रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टला लागलाय हे तुला माहीत नाही, तूच लिहिलंयस. सुट्टीनंतर सोमवारी सकाळी १८० माणसं एकदम तुझ्या टेबलाशी येतील आणि त्या गर्दीत तू परत एव्हरीवन फुल कंट्रोल करशील. तुझ्या जागी कोणीही तेच करेल.

आणि दुसरा पर्याय, एकेकाला नावाने. सुरुवातीला फार सोपं वाटतं, फोल्डरवर राइट क्लिक, नाव टाकलं, झालं. पण माणूस बदली झाला किंवा सोडून गेला की त्याचं नाव कुठे कुठे आहे हे शोधायला तुला हजारो फोल्डर चाळावे लागतील, तर ग्रुपमध्ये असला तर त्याच्या अकाउंटवर एका टॅबमध्ये सगळं दिसतं. म्हणून ग्रुप राहू दे. बिघडलंय ते ग्रुप कशावरून केलेत त्यात.

इथे थोडी थांबते, कारण मला वाटतं तुझी गफलत इथे आहे आणि तुझ्यासारख्या कितीतरी जणांची असते. तुझे ग्रुप डिपार्टमेंटच्या नावाचे आहेत. परचेस, अकाउंट्स, स्टोअर्स, क्वालिटी. म्हणजे माणूस कुठे बसतो त्यावरून. पण परवानगी लागते ती माणूस काय करतो त्यावरून. परचेसमध्ये बसणारे सगळे व्हेंडर उघडतात का? नाही, बहुतेक दोघं-तिघं. अकाउंट्समध्ये सगळे पेमेंट टाकतात का? नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीमधल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी रोलवर आधारलेल्या परवानगीची मांडणी केली, परवानगी रोलला द्यायची आणि माणसाला रोल द्यायचा. आज सगळी मोठी सॉफ्टवेअर तेच बोलतात. पण आपल्याकडे कारखान्यात रोल म्हटलं की लोक हुद्दा समजतात. हुद्दा सोड, काम धर. "व्हेंडर उघडणं" हा एक रोल, "पेमेंट टाकणं" दुसरा, "पेमेंट पास करणं" तिसरा, "पेमेंटचे रिपोर्ट नुसते बघणं" चौथा.

विंडोजमध्ये हे दोन थरांत बांध. एक थर माणसांचा: रोल-पेमेंट-टाकणारे असा ग्लोबल ग्रुप (विंडोजमधला ग्रुपचा एक प्रकार), यात फक्त माणसं. दुसरा थर फोल्डरचा: फोल्डर-पेमेंट-बदल आणि फोल्डर-पेमेंट-वाचन असे डोमेन लोकल ग्रुप (हा दुसरा प्रकार), फोल्डरवर परवानगी फक्त या दोघांनाच. मग रोलचा ग्रुप फोल्डरच्या ग्रुपमध्ये टाकायचा. मायक्रोसॉफ्टच्या जगात ही जुनी, मुरलेली पद्धत आहे. सुरुवातीला ग्रुप दुप्पट झाल्यासारखे वाटतात, पण नाव वाचूनच कळतं की हा ग्रुप माणसांचा की फोल्डरचा, आणि बदली झाली की एका थरात एकच बदल करायचा, फोल्डरला हातच लावायचा नाही. शेअरची (नेटवर्कवरून फोल्डरपर्यंत येण्याची) परवानगी आणि फोल्डरची परवानगी अशा दोन वेगवेगळ्या चाळण्या असतात आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींमधली जी कडक ती लागते, हेही लक्षात ठेव, कारण कित्येकदा भांडण ग्रुपचं नसून या दोन चाळण्यांचं असतं. शेअरवरची मोकळी ठेवायची आणि सगळं नियंत्रण फोल्डरवर करायचं, म्हणजे बघायला एकच जागा उरते. आणि एकाच ड्राइव्हवर फोल्डर कट करून दुसरीकडे पेस्ट केला तर बऱ्याचदा जुन्या जागेच्या परवानग्या घेऊनच जातो, म्हणून हलवल्यावर एकदा तपास.

हे एका दमात करायचं नाहीये. एका वेळी एक फोल्डर. सुरुवात पेमेंटपासूनच कर, कारण ऑडिटरने तिथेच बोट ठेवलंय. आहे त्या परवानग्यांची यादी आयकॅकल्स या विंडोजच्या कमांडने फाईलमध्ये काढून ठेव, काही उलटलं तर परत लावता येईल. नवीन ग्रुप आधी लाव, लोकांना त्यात घाल, एका डमी युजरने लॉगिन करून बघ की हवं ते उघडतंय आणि नको ते उघडत नाहीये, हे दुसरं बघायला सगळे विसरतात कारण त्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही. ॲडव्हान्स्डमध्ये इफेक्टिव्ह ॲक्सेसचा टॅब आहे, तिथे माणसाचं नाव टाकलं की त्याला शेवटी काय मिळतंय ते दिसतं, त्याची सवय लाव. मग जुना ग्रुप फोल्डरवरून काढ, पण डिलीट करू नकोस. त्याच्या नावापुढे "जुना" लाव, माणसं काढून रिकामा कर, डिस्क्रिप्शनमध्ये तारीख लिही. वर्षअखेरीचं एखादं काम मार्चमध्येच निघतं, म्हणून मी तर एक मार्च जाऊ देते आणि मग डिलीट करते. १४० ग्रुपला वर्ष लागेल. लागू दे.

गूगल ड्राइव्हबद्दल एक सांगते कारण तू विंडोजचा नियम तिथे लावशील. तिथे माणूस दोन ग्रुपमधून आला तर ज्यातून जास्त अधिकार मिळतो तो लागू होतो. म्हणजे एका ग्रुपला नुसतं बघायला दिलंय आणि दुसऱ्याला एडिट, तर तो एडिटच करणार. ॲमेझॉनच्या क्लाउडवर उलट, स्पष्ट डिनाय कुठेही असला तरी तोच जिंकतो. लिनक्समध्ये तर तू फाईलचा मालक असलास आणि मालकाला लिहायची परवानगी नसेल तर ग्रुपला असूनही तुला लिहिता येत नाही, कारण मालकाचा नियम आधी लागतो आणि तिथेच निकाल लागतो. एकच "दोन ग्रुप" आणि चार ठिकाणी चार निकाल. म्हणून दोन ग्रुप आपसात भांडले तर कोण जिंकेल या गणितावर काही उभं करू नकोस, भांडण होणारच नाही असं बांध.

आता ऑडिटरचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोल्डर न उघडणं हे भांडण दिसतं, लोक ओरडतात, दुरुस्त होतं. पण दोन ग्रुप एकमेकांशी छान जुळतात आणि दोन्ही मिळून एका माणसाच्या हातात नको ती ताकद देतात, ते भांडण दिसतच नाही, कोणी ओरडत नाही. व्हेंडर उघडणं ठीक, पेमेंट टाकणं ठीक, दोन्ही एका हातात नको. बँकवाल्यांना हे सांगावं लागत नाही, आपल्याकडच्या सहकारी बँकेत सुद्धा एन्ट्री करणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा, मेकर-चेकर. हे का करतात याचं मोठं उदाहरण म्हणजे लंडनची बेअरिंग्ज बँक, १७६२ पासूनची, १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरला निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या सेटलमेंटवरही, म्हणजे त्यांचा हिशेब पुरा करण्यावरही, त्याचाच ताबा होता, तोटा ८८८८८ नंबरच्या खात्यात लपवत गेला, शेवटी तोटा निघाला ८२.७ कोटी पाउंड. मी तुझ्या कंपनीतल्या मॅडमबद्दल असलं काहीही म्हणत नाहीये. त्यांना तर माहीतही नसेल आपल्याकडे एवढं आहे. पण दोन्ही चाव्या एकाकडे असल्या तर उद्या दुसऱ्या कोणी त्यांचा पासवर्ड वापरून काही केलं तरी बोट त्यांच्याकडेच जाणार, म्हणजे ही वाटणी त्यांच्या संरक्षणासाठी पण आहे.

करायचं कसं? सर्व्हर बंद ठेव आणि एक मोठा कागद घे. कामाचे रोल आडवे आणि तेच उभे लिही. समजा १२ रोल निघाले, तर जोड्या होतात ६६. बहुतेक जोड्यांना काही धोका नसतो, माझ्या अनुभवात फुल्या मारायच्या जोड्या आठ-दहाच निघतात: व्हेंडर उघडणं आणि पेमेंट टाकणं, पेमेंट टाकणं आणि पास करणं, मालाची आवक नोंदवणं आणि बिल पास करणं, कर्मचारी उघडणं आणि पगार चालवणं, आणि तुझ्यासाठी, युजर तयार करणं आणि त्याचा लॉग (त्याची सर्व्हरवर राहिलेली नोंद) पुसता येणं. या फुल्या तू मारायच्या नाहीस. अकाउंट्सचे मॅनेजर, परचेसचे मॅनेजर आणि डायरेक्टर यांना एका टेबलावर बसव, त्यांनी मारायच्या, खाली सह्या. मग कोणालाही नवीन ग्रुपमध्ये टाकायच्या आधी कागद बघायचा, फुली असेल तर टाकायचं नाही. पुढे याची छोटी स्क्रिप्ट कर, दर सोमवारी फुलीच्या जोडीत दोन्हीकडे असलेली नावं काढून मेल करेल अशी.

टॅली यातून वेगळी, ती ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे ग्रुप बघत नाही, तिचे स्वतःचे युजर रोल असतात, काय अलाऊ आणि काय डिसअलाऊ असे. म्हणून तो कागद टॅलीलाही लाव. जुनं परचेसचं लॉगिन आजच बंद कर. आणि तुझी प्रायव्हेट लिमिटेड आहे ना, तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद तारखेसकट राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये असा नियम आहे. एका माणसाची दोन लॉगिन किंवा दोन माणसांचं एक लॉगिन असलं की ती नोंद असूनही कोणी केलं हे कळत नाही.

हे वाचणाऱ्या छोट्या कंपनीतल्यांना वाटेल, आमच्याकडे अकाउंट्सला दोनच माणसं, वाटणार कुठून. खरंय. मग वाटू नका, पण आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः नवीन उघडलेल्या व्हेंडरची यादी आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवून बघावं, पंधरा मिनिटं लागतात. आणि रजेच्या वेळी दुसऱ्याचं काम तात्पुरतं द्यावं लागलं तर द्या, पण संपायची तारीख लिहूनच. विंडोज सर्व्हर २०१६ पासून मुदत घातलेली मेंबरशिप देता येते, फक्त ते फीचर एकदा चालू केलं की बंद करता येत नाही, म्हणून नीट वाचून करा. नाहीतर कॅलेंडरमध्ये रिमाइंडर ठेवा, तेही चालतं.

आता मॅनेजर. "आम्हाला सगळं दिसलंच पाहिजे." याच्यावर तू वाद घालू नकोस, त्यांना विचार, बघायचंय की बदलायचंय? बहुतेकांना बघायचं असतं आणि आपण फुल कंट्रोल देऊन मोकळे होतो. वाचनाचा ग्रुप वेगळा आहेच, त्यात टाक. तरी कोणी म्हणालं बदलता पण आलं पाहिजे, तर म्हण, "सर, चालेल, फक्त हा फोल्डर ज्यांचा आहे त्यांचा एक मेल येऊ दे." प्रत्येक फोल्डरला एक पालक ठरव, आयटीबाहेरचा माणूस, त्या त्या खात्याचा प्रमुख. ग्रुपच्या मॅनेज्ड बाय टॅबमध्ये त्याचं नाव टाक. दर तीन महिन्यांनी त्याला त्याच्या ग्रुपची नावं पाठव आणि "कोणाकोणाला काढू?" असं विचार, "सगळं बरोबर आहे ना?" असं विचारू नकोस, त्याला सगळे न वाचता हो म्हणतात. एचआरलाही सांग, सोडून जाणाऱ्याची खबर तुला मिळते कारण हिशेब पूर्ण करायचा असतो, पण बदलीची खबर कोणी देत नाही, आणि सगळा गुंता बदलीत होतो. बदलीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवून घे, जुन्या कामाची परवानगी कुठल्या तारखेला काढायची. हँडओव्हरला पंधरा दिवस लागले तर लागू दे, तारीख मात्र हवी.

डायरेक्टरांनी विचारलं ना, ही परवानगी दिली कोणी. तू गप्प बसलास असं लिहिलंयस. पुढच्या मीटिंगला खरं सांग, की डोमेन ॲडमिन्स आणि एव्हरीवन मी दिलं, घाईत दिलं, या तारखेला काढलं. आणि त्याच दमात सांग, की या फोल्डरमध्ये कोणी यायचं हे आजवर कोणी ठरवलेलं नाही, ते ठरवायला मला तुम्हा तिघांचा एक तास हवाय, आणि कागद पुढे ठेव. त्या तासात तू फक्त लिहायचं.

आणि त्याआधी, उद्या सकाळीच, त्या मॅडमकडे जा. त्यांच्या नावावर ऑडिटचा शेरा आलाय आणि मला खात्री आहे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही, त्यांनाही झोप लागत नसेल. त्यांना सांग की परवानगी तुम्ही मागितली नव्हती, आमच्याकडून जास्त दिली गेली, तुमचं जुनं लॉगिन आता बंद केलंय, आणि शेऱ्याच्या उत्तरात मी हे असंच लिहिणार आहे. मग ते उत्तर पाठवायच्या आधी त्यांना वाचायला दे.